हात कमरेवर की मोकळे? उभ्या उडीच्या चाचणीचा माझा अनुभव

आमच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची उभ्या उडीची चाचणी मी जूनमध्ये घेतली, तेव्हा प्रत्येकीला दोन्ही हात कमरेवर ठेवायला सांगितले होते. ऑगस्टमध्ये मी बाहेरगावी असल्याने तीच चाचणी माझ्या सहकाऱ्याने घेतली. परत येऊन नोंदवही पाहिली, तर बहुतेक सगळ्यांच्या उड्या चार-पाच सेंटिमीटरने वाढलेल्या. सरावाचे चीज झाले असे वाटून मी मुलींचे भरभरून कौतुकही केले.

शंका आली ती एकीमुळे. घोटा मुरगळल्याने ती महिनाभर मैदानाबाहेर होती, तरी तिचीही उडी चार सेंटिमीटरने वाढली होती. उडी मारताना हात कुठे होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मोकळेच होते, सर. कमरेवर ठेवा असं या वेळी कोणी सांगितलं नाही." सहकाऱ्याला दोष देता येत नव्हता, कारण जूनच्या नोंदीत हातांविषयी मी एक अक्षरही लिहिले नव्हते.

मग मी दोन्ही प्रकारे चाचणी पुन्हा घेतली. मोबाइल जमिनीलगत ठेवून सेकंदाला २४० चित्रे या वेगाने चित्रण केले आणि पायाची बोटे जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंतची चित्रे मोजली. हवेतल्या वेळेचा वर्ग करून त्याला ९.८१ ने गुणायचे आणि ८ ने भागायचे, की उडीची उंची मीटरमध्ये मिळते. त्या मुलीची हात कमरेवर असताना ११२ चित्रे भरली, म्हणजे २६.७ सेंटिमीटर, हात मोकळे सोडल्यावर १२० चित्रे, म्हणजे ३०.७ सेंटिमीटर. मुलगी तीच, दिवसही तोच. मोजताना एक चित्र चुकले तरी सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक चित्रण मी दोनदा मोजले.

हात मागून जोरात वर येतात तेव्हा पाय जमिनीवर अधिक दाबले जातात, आणि उडी सुटण्याच्या क्षणी वर गेलेले हात धडालाही वर खेचतात. याशिवाय मोजणीतला एक धोका आहे: उडी सुटताना हात डोक्यावर आणि टेकताना खाली असतील, तर शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, टेकताना पायांच्या अधिक जवळ आलेला असतो, त्यामुळे पाय उशिरा टेकतात आणि उडी आहे त्याहून उंच दिसते. गुडघे वाकवून टेकल्यानेही हेच होते.

हात कमरेवर ठेवायला सांगणे सोपे, ते राखणे अवघड. मी मुलींच्या तळहातांना खडूची पूड लावली; काहींच्या गडद शॉर्ट्सवर बोटांचे स्वच्छ ठसे उमटले, तर काहींच्या कमरेपासून वर लांबट पांढरे ओघळ गेलेले दिसले. ओघळ दिसला की ती उडी बाद, असा नियम केला.

मोकळ्या हातांची चाचणी चुकीची आहे असे मी मुळीच मानत नाही, कारण स्मॅश मारायला जाणारी खेळाडू हात कमरेवर ठेवून उडत नाही. कमरेवर हात ठेवून घेतलेली चाचणी पायांची ताकद अधिक स्वच्छ दाखवते आणि मोकळ्या हातांची खेळाच्या अधिक जवळची आहे. मला सर्वांत उपयोगी वाटला तो दोन्हींतला फरक. आमच्या मधल्या ब्लॉकरमध्ये, म्हणजे जाळ्याजवळ मधोमध राहून समोरचा स्मॅश अडवणाऱ्या खेळाडूमध्ये, तो जेमतेम एक सेंटिमीटर होता. चित्रण सावकाश पाहिले, तेव्हा तिचे पाय सरळ होऊन गेल्यानंतर हात वर येत होते. आता तिच्या सरावात जास्तीच्या बैठका न घालता केवळ हातांच्या झोक्याची वेळ जुळवण्यावर भर दिला आहे.

सगळ्यांना एकत्र बसवून ऑगस्टचे आकडे मागे घेतल्याचे सांगणे मला जड गेले. कमरेवर हात ठेवून पाहता जूनपासूनची वाढ बहुतेकींत एक-दीड सेंटिमीटरच होती. नोंदवहीत आता उडीच्या आकड्याआधी हातांच्या स्थितीचा रकाना आहे आणि तो रिकामा असेल तर पुढचा आकडा लिहायचा नाही, असे सहकाऱ्याशी ठरले आहे.