गोळी आधी, सुई नंतर

आज धरमपेठेतील पशुवैद्यांकडे आमच्या 13 वर्षांच्या कुत्र्याला, मोतीला, ॲक्युपंक्चरसाठी नेले. एक्स-रेमध्ये संधिवात दिसल्यावर त्यांनी आधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री केली, मग वेदनाशामक गोळी सुरू केली आणि त्यानंतरच सुयांचा विचार केला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कमरेजवळ बारीक सुया टोचल्यावर थोड्याच वेळात मोतीने मान माझ्या पायावर टाकली आणि डोळे मिटले. हळदीविषयी विचारले, तेव्हा चालू गोळीसोबत घरचे काहीही न विचारता देऊ नका, असे त्यांनी बजावले. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या काकूंनाही त्यांनी कळकळीने सांगितले की, माणसांची पॅरासिटामॉल मांजरीच्या जिवावर बेतते, कारण तिचे यकृत ती पचवू शकत नाही. घराची पायरी मोतीला आजही उचलूनच चढवावी लागली.