बागेतली पवनचक्की पुन्हा फिरती करताना

नगरपालिकेच्या बागेतली पाणी उपसायची पवनचक्की दुरुस्तीसाठी आमच्या वर्कशॉपकडे आली, तेव्हा तिचं चाक शाफ्टला वेल्डिंग मारून जाम केलेलं होतं. कुरकुर येते म्हणून आधीच्या कुणीतरी केलेला तो उपाय. खान्देशातल्या बागांत, शाळांत, फार्महाउसवर अशा चक्क्या उभ्या आहेत त्यांच्यासाठी आमचा अनुभव लिहितो, कारण ही एकच गोष्ट नीट कळली तरी अर्धं काम होतं: चक्की शोभेची असली तरी तिला फिरू द्यायचं आणि थोडं कामही द्यायचं.

जाम केलेलं चाक वादळात वाऱ्यापासून बाजूला झालं तरी फिरत नाही, थरथरतं. बेअरिंगचे गोळे एकाच जागी घासत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं. बेअरिंग उघडली तर खालच्या रेसवर (गोळे ज्या कडीच्या खाचेत फिरतात तिच्यावर) गोळ्यांच्या अंतराने एकसारखे तांबूस खड्डे पडलेले होते, वरची बाजू मात्र जवळपास कोरी. उलट पंप काढून चाक मोकळं सोडलं तरी बिघडतं. ओझंच नसल्यामुळे ते जोराच्या वाऱ्यात नको तितकं पळतं आणि बुश (शाफ्टभोवतीचं धातूचं नळकांडं) खाऊन टाकतं.

ही जात मूळ अमेरिकेची. डॅनियल हॅलाडे याने 1854 मध्ये आपोआप वाऱ्याकडे वळणाऱ्या चक्कीचं पेटंट घेतलं. पुढे रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला आणि गुरांच्या हौदांना तिथे अशाच चक्क्या चालल्या. लाकडी पाती जाऊन पोलादी वाकवलेली पाती 1880 च्या दशकात आली. आपल्याकडे 1980 च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून ‘12 पीयू 500’ प्रकारच्या चक्क्या बसल्या: पाती 12, चाकाचा व्यास 5 मीटर. आमची त्याच मापाची, मनोरा साधारण 10 मीटर. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर दिसतात त्या तीन पात्यांच्या, वीज करणाऱ्या. त्यांना वेग लागतो. पाणी उपसायला सुरुवातीलाच जोर लागतो, म्हणून इथे इतकी पाती.

कामाला हात लावण्याआधी कागद. पालिकेच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत ती वस्तू आहे का, आणि तिचं निर्लेखन (निकामी म्हणून नोंदीतून काढणं) तर झालेलं नाही ना, हे आधी बघा. निर्लेखित वस्तूवर पालिका पैसा खर्च करू शकत नाही, आणि ही अडचण बिल देताना निघाली तर काम करून अडकून पडाल. त्यानंतर मनोऱ्याचं स्ट्रक्चरल ऑडिट, अंदाजपत्रक, मंजुरी. अंदाजपत्रकात क्रेन, जस्ताचा मुलामा आणि पायाचं काम वेगवेगळं दाखवा. ‘दुरुस्ती, एकरकमी’ असं लिहिलं की पायाचं काम हमखास गळतं.

हंगाम दिवाळीनंतरचा धरा. थंडीत वारा पडलेला असतो. आखाजीच्या सुमारास लोखंडाला हात लावता येत नाही, आणि मे-जूनची वादळं रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या करतात. त्या दिवसांत परांचीवर माणूस चढवायचा नाही.

उतरवताना पहिल्यांदा शेपूट (चाकाला वाऱ्याकडे धरणारा मागचा पत्रा) दुमडून चाक दोरखंडाने मनोऱ्याला बांधा, मगच वेल्डिंग कापा. पाती समोरासमोरच्या जोडीने काढा, 1 नंतर 7, 2 नंतर 8. एकाच बाजूची काढली तर जड बाजू झटक्यात खाली येते, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला ती आवरत नाही.

मनोऱ्याचे अँगल वरून धड होते. सडले होते ते काँक्रीटच्या रेषेवर, लॉनचं पाणी साचतं तिथे. गंजाचे पापुद्रे काढल्यावर चार पायांपैकी दोन निम्मे उरले होते. शिवाय पाया काळ्या मातीत, आणि ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला, काँक्रीट जमिनीच्या वर एक वीत घेऊन बाहेरच्या बाजूला उतार दिला. फाउंडेशन बोल्ट आवळण्याआधी माथ्यावरून ओळंबा सोडला. मनोरा कलला असेल तर डोकं (चाक आणि शेपूट बसवलेला वरचा फिरता भाग) वाऱ्याकडे न वळता उताराकडे घरंगळतं. परीक्षा सोपी आहे. वारा पडलेला असताना डोकं हाताने फिरवून सोडा. जिथे सोडाल तिथेच थांबलं पाहिजे.

रंगाने फार जण फसतात. जस्त चढवलेल्या पत्र्यावर साधा ऑइल पेंट थेट मारला की जस्ताशी त्याची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंग सोलून येतो. जुना रंग पूर्ण काढून, धुऊन, एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर द्या, मग रंग. जिथे वेल्डिंग करायचं तिथलं जस्त आधी ग्राइंडरने काढा. त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडीताप भरतो. जोड झाल्यावर झिंकचा जाड थर लावा.

पात्यांचा बाक प्लायवूडच्या फर्म्यावर तपासला. चाक जोडल्यावर लगतच्या दोन टोकांमधलं अंतर मोजलं. 5 मीटरच्या चाकाला 12 पाती असतील तर ते 129.4 सेंमी यायला हवं. मग चाक हलकेच फिरवून पुन्हा पुन्हा थांबू दिलं. दरवेळी तेच पातं खाली येत असेल तर ते जड, त्याच्या समोर वॉशर वाढवायचे.

सगळ्यात जास्त लक्ष शेपटीच्या स्प्रिंगकडे द्या. चाकाचा मध्य मनोऱ्याच्या मध्यापासून जरा बाजूला असतो, त्यामुळे जोराचा वारा चाकाला आपोआप कडेला वळवतो. स्प्रिंग किंवा बिजागरी गंजून आखडली की हे वळणं थांबतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तेव्हा सारं ओझं पात्यांवर आणि पायावर येतं. आमच्या चक्कीची वाकलेली पाती तशीच वाकली होती. स्प्रिंग नवी घातली, बिजागरीला गनमेटलचे बुश लेथवर करून घेतले.

शेवटी काम. जुन्या विहिरीऐवजी जमिनीतल्या टाकीतून पक्ष्यांच्या हौदात पाणी फिरवणारा पिस्टन पंप जोडला. बोअर (नळकांड्याचा आतला व्यास) 100 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 100 मिमी, म्हणजे एका फेरीला हिशेबाने पाऊण लिटरच्या वर. मिनिटाला 20 फेऱ्या झाल्या तर 15 लिटर, गळती धरून थोडं कमी. पंप याहून मोठा घेण्याचा मोह होतो, पण मग मंद वाऱ्यात चाक हलतच नाही. पिस्टनला एक बारीक भोक ठेवलं की सुरुवातीच्या संथ फेऱ्यांत पाणी त्यातून परत जातं आणि चाक सहज सुटतं. वेग आला की त्या गळतीचा फरक पडत नाही. पंपाचं चामडी वॉशर कायम पाण्याखाली हवं. खान्देशच्या उन्हात टाकी कोरडी पडली तर ते सुकून तडकतं.

शिडीच्या खालच्या अडीच मीटरच्या पायऱ्या काढून कुलूपबंद ठेवल्या आहेत, मुलं चढतात म्हणून. वर्षातून दोनदा, होळीआधी आणि दसऱ्यानंतर, ग्रीस, बोल्ट, स्प्रिंग आणि ब्रेकची तार बघायची, आणि चढण्याआधी डोक्यात मोहोळ आहे का ते खालूनच पाहायचं. या खर्चाची तरतूद बागेच्या देखभालीच्या लेखाशीर्षात दरवर्षी धरायला सांगितली आहे.