पुणे ते सांगली: जुनी सिव्हिक घरी आणताना

एमएच-१२ पासिंगची, २०१२ ची मॅन्युअल होंडा सिव्हिक पुण्यात घेऊन सांगलीला आणली, त्या वाटेवरच्या या नोंदी. अंतर साधारण २३० किलोमीटर. वाटेत घाट लागतो, सपाट हायवे लागतो, कराडची कोंडी लागते आणि शेवटी पेठ नाक्यापासून पुढे गावागावांतले स्पीडब्रेकर लागतात. गाडीत काय खराब आहे ते या रस्त्यावर क्रमाने कळत जाते. म्हणून गाडी ट्रकवर चढवून न आणता चालवत आणावी, आणि सायलेन्सर-अलॉयचा खर्च हा प्रवास होईपर्यंत लांबणीवर टाकावा.

आधी गाडीच्या निवडीबद्दल. जपानी स्पोर्ट्स कार म्हटले की डोळ्यासमोर टोयोटा सुप्रा आणि निसान स्कायलाइन येतात. पण परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, शिवाय ती मुंबई बंदरातूनच उतरते. त्यावर मोठी ड्युटी. त्यामुळे १९९० च्या दशकातली सुप्रा कोणी ‘कागद क्लिअर’ म्हणून स्वस्तात देत असेल तर त्या वाटेला जाऊ नये. इथल्या रस्त्यावर, इथल्या फिटरच्या हाताखाली, सुटे भाग मिळवत चालवता येईल अशी गाडी म्हणजे २००६ ते २०१३ दरम्यान भारतात विकली गेलेली आठव्या पिढीची सिव्हिक. १७९९ सीसीचे आर१८ इंजिन, १३२ पीएस, १७२ न्यूटन मीटर. मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि या किमतीत वळणावर इतकी विश्वासाने बसणारी दुसरी सेडान आम्हाला माहीत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. नवा मालक साडेपाच हजार आरपीएमवर व्हीटेकची (होंडाच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) ‘किक’ शोधतो, मिळाली नाही की इंजिन बसलेले आहे असे समजतो. आर१८ मधला व्हीटेक पॉवरसाठी नाही. कमी लोडवर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून पेट्रोल वाचवणे, एवढेच त्याचे काम. किकवाले इंजिन म्हणजे के२०. ते जपानमधल्या २२५ पीएसच्या एफडी२ टाइप आरमध्ये होते आणि ती गाडी भारतात विकलीच गेली नाही. टाइप आरसारखा लाल ‘एच’ लावलेली इथली सिव्हिक आतून हीच, तेव्हा त्या बिल्ल्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

निघण्यापूर्वी

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर कर्जाचा बोजा, इन्शुरन्सची तारीख आणि थकलेली चलने पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या, कारण त्या क्षणापासून गाडी तुमच्या ताब्यात होती याचा तोच पुरावा.

या गाड्यांच्या रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षे आता भरत आली आहेत, काहींची भरूनही गेली. २०१० किंवा २०११ ची घेत असाल तर रजिस्ट्रेशन नूतनीकरण झाले आहे का हे पहिले विचारा. नसेल तर फॉर्म २५, गाडी आरटीओत नेऊन तपासणी, ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर. हे काम विक्रेत्याकडूनच करून घ्यावे, किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी.

विक्रेत्याचा फास्टॅग चालणार नाही. नवा काढून निघा, नाहीतर खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे अशा तिन्ही नाक्यांवर जास्तीचा टोल बसेल.

सोबत घ्यायचे सामान थोडे आहे. टॉर्च, हवेचा पंप, १९ चा व्हील पाना, १० चा पाना, दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा ओबीडी डोंगल. मीटरवरच्या टेम्परेचरच्या पट्ट्या फार उशिरा हलतात. डोंगल कूलंटचा खरा आकडा दाखवतो.

थंड इंजिनावर

विक्रेत्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनावरच रेडिएटरचे झाकण उघडता येते. होंडाचा मूळ कूलंट निळा असतो. गढूळ, तपकिरी किंवा नुसते पाणी दिसले तर ब्लॉकच्या आतला गंज गृहीत धरून भाव करा. मग टॉर्चने ब्लॉकच्या बाहेरच्या बाजू पाहा. २००६ ते २००९ च्या काही आर१८ इंजिनांचे ब्लॉक तडकून कूलंट झिरपायचा आणि अमेरिकेत होंडाला त्यासाठी वॉरंटी वाढवावी लागली होती. ब्लॉकवर वाळलेल्या कूलंटचा पांढरट-निळसर ओघळ दिसला तर गाडी सोडून द्या. तो ओघळ पुसलेला असेल तर आजूबाजूच्या धुळीत तेवढाच भाग स्वच्छ दिसतो, तेही बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी) करून घेता आली तर चारही सिलिंडरमधला फरक २०० किलोपास्कल, म्हणजे सुमारे २९ पीएसआयच्या आत हवा.

पुराची गाडी ओळखणे आपल्या भागात फार महत्त्वाचे आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली, कराड, कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या आणि धुऊनपुसून इतरत्र विकल्या गेल्या. पासिंग पुण्याचे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. रोजच्या वापरात न येणारा शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. त्यावर मातकट आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर आलेले होते. त्यानंतर सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशखालचा फ्यूजबॉक्स आणि स्टेपनीचा खड्डा पाहा.

मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरून निम्मी नक्षी शिल्लक आणि आतून गुळगुळीत, हे या मॉडेलचे नेहमीचे दुखणे. मागचा कॅम्बर-टो, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेला असतो. या गाडीतही ते निघाले. टायर जोडीचे पैसे तिथेच कमी करून घेतले.

कात्रज ते खंबाटकी

पैसे देण्याआधीची चाचणी जुन्या कात्रज घाटात घ्यावी, नवा बोगदा त्यासाठी उपयोगाचा नाही. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर चढ घ्या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली आहे. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सचे बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दुसरे काम स्वस्त वाटते, पण गिअरबॉक्स दोन्ही कामांना उतरवावा लागतो.

व्यवहार झाल्यावर खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळपर्यंत शंभरच्या आत एकसारखी चालवा. शिरवळला थांबून ऑईलची पट्टी बघा आणि पुढे खंबाटकी चढताना एसी चालू ठेवा, हीच कूलिंगची खरी परीक्षा. डोंगलवर आकडा नव्वदीत फिरत राहिला, फॅन लागला की खाली आला, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन सगळे ठीक. १०५ च्या पुढे चढत राहिला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर सोडा, सुरक्षित जागा बघून कडेला घ्या आणि बॉनेट उघडा. झाकणाला तासभर तरी हात लावू नका.

घाट उतरताना ब्रेक तपासले जातात. ब्रेकवर स्टिअरिंग थरथरले तर पुढच्या डिस्क वाकड्या झाल्या आहेत, सीटखाली थरथरले तर मागच्या. सुरूरच्या फाट्याला थांबून चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर तिथला कॅलिपर अडकतो आहे.

सातारा, कराड

भुईंज ते सातारा हा पट्टा सरळ आहे. ऐंशी ते शंभरच्या दरम्यान येणारी आणि वेग बदलला की जाणारी थरथर चाकाच्या बॅलन्सिंगची असते. बाहेरचे अलॉय बसवलेली गाडी असेल तर आणखी एक कारण शक्य आहे. सिव्हिकच्या हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) व्यास ६४.१ मिलिमीटर, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचे मधले भोक ७३.१. मधली रिंग बसवलेली नसेल तर चाक हबवर न बसता नुसत्या नटांवर लोंबते आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी थरथर जात नाही.

उंब्रजच्या पुढे तासवड्याचा नाका, मग कराड. मलकापूरच्या गर्दीत एसी लावून थांबावे लागले तर वाईट वाटून घेऊ नका, एक तपासणी तिथेच होते. आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना) स्टिअरिंग आणि डॅश थरथरू लागले तर उजवीकडचे इंजिन माउंटिंग गेले. ते आतून तेल भरलेले असते, फुटले की खाली काळा ओघळ दिसतो. या गाडीत तेच होते. त्याच गर्दीत इंजिन तापल्यावर एसी गरम हवा देऊ लागला आणि पुढे थंड झाल्यावर आपोआप सुरू झाला, तर गॅस भरायला धावू नका. बऱ्याचदा कॉम्प्रेसरच्या क्लचमधली फट वाढलेली असते आणि आतली शिम (पातळ चकती) कमी करून काम होते.

पेठ नाका ते सांगली

इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर), आष्टा, तुंग, डिग्रज. आवाज ऐकायचे ते या रस्त्यावर. काचा खाली करा, म्युझिक बंद, वेग वीस-पंचवीस. पुढून येणारी टकटक एक तर लिंक रॉडची (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडकाडीची) किंवा स्टिअरिंग रॅकची, आणि दोघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग भरभर इंचभर डावी-उजवीकडे हलवा. धक्का हाताला जाणवला तर रॅक. नाही जाणवला तर दोन्ही लिंक रॉड सोडून गाडी गल्लीतल्या गल्लीत सावकाश चालवा. आवाज बंद झाला तर रॉड बदला, रॅकला हात लावू नका. ब्रेक मारताना एकच ‘धप्प’ येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटला आहे.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २७०० मिलिमीटर आणि पोट खाली, त्यामुळे चार माणसे बसली की उंच स्पीडब्रेकरवर गाडी मधोमध घासते. तिरकी घेऊन, एकेक चाक चढवत पार करा. घरी आल्यावर खाली वाकून चेंबर (इंजिन ऑईलचे खालचे भांडे) आणि सायलेन्सरचा पाइप बघा.

गॅरेजमधला क्रम

पहिल्या आठवड्यात द्रवपदार्थ बदला, आधीच्या मालकाने काय भरले होते याची चौकशी करत बसू नका. इंजिन ऑईल फिल्टरसह ३.७ लिटर, ५डब्ल्यू-३० चालते. मॅन्युअल गिअरबॉक्सला १.४ लिटर होंडाचेच एमटीएफ (गिअर ऑईल). डॉट ३ किंवा ४ ब्रेक ऑईल. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट थंड इंजिनावर इनटेकला ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत हे काम बहुधा कोणी केलेलेच नसते. एक्झॉस्टची फट कमी होत जाते, आवाज येत नाही म्हणून कळत नाही, आणि व्हॉल्व्ह जळतो. टायमिंग चेन आहे, तेव्हा पट्टा बदलण्याचा खर्च कोणी सांगितला तर ते गॅरेज बदला.

आताचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे. गाडी या पेट्रोलच्या काळातली नाही, म्हणून फ्युएल लाइनचे रबरी पाइप दरवर्षी तपासा. महिना-महिना उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतले पाणी ओढते.

मॉडिफिकेशन

सगळ्यात जास्त फरक टायर पाडतात. मूळ १९५/६५ आर१५ टायरचा व्यास ६३४.५ मिलिमीटर. २०५/६५ आर१५ घातला तर ६४७.५, म्हणजे पोट साडेसहा मिलिमीटर वर येते आणि खरा वेग मीटरपेक्षा दोन टक्के जास्त भरतो. वळणाचा शौक असेल तर २०५/५५ आर१६, व्यास जवळपास मूळचाच. २१५/४५ आर१७ दिसायला छान, पण साइडवॉल इतकी पातळ की आष्ट्याच्या एका खड्ड्यात रिम वाकेल. गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा तर या जिल्ह्यात विचारही नको. त्या पैशात चारही शॉकअब आणि बुश नवे होतात आणि गाडी जास्त वेगाने वळते.

अलॉय घेताना नटाकडे लक्ष द्या. होंडाच्या मूळ रिमला गोल बैठकीचा नट लागतो, बाहेरच्या रिमला शंकूच्या आकाराचा, दोन्ही १२ बाय १.५ आट्याचे. त्यामुळे चुकीचा नटही आरामात फिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालताना सैल होतो. १०८ न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळा, शंभरेक किलोमीटरवर पुन्हा आवळा.

उघडा एअर फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. खाली बंपरमध्ये नेला तर पावसाळ्यात साचलेले पाणी ओढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ बॉक्स राहू द्या. धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढला की चेक इंजिनचा दिवा लागून पी०४२० हा कोड येतो आणि पीयूसी अडते.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद लागते. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

इन्शुरन्स मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तेव्हा प्रीमियम वाढून येईल हे धरूनच चाला. बाहेरचे अलॉय आणि इतर जास्तीच्या वस्तू बिलासह कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्या. आरटीओचे ट्रान्सफर होऊन आरसी हातात आली की त्याची प्रतही कंपनीला द्या.