तुम्ही विचारलंत म्हणून: भाजलेल्या माणसाला खायला काय द्यायचं?

गेल्या आठवड्यात पुन्हा एक फोन आला. कळव्याच्या एक बाई, नवरा गरम तेलानं भाजलेला. "ताई, अंडं दिलं तर चालेल का? पू होत नाही ना?" तीन वर्षांपूर्वी गॅसच्या भडक्यात मी तीस टक्के भाजले, तेव्हापासून ठाण्यात कुणी भाजलं की कुणीतरी माझा नंबर देतं. प्रश्न ठरलेला असतो.

अंडं चालतं. चालतं काय, लागतंच.

मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी मायेनंच पथ्य लावलं: मऊ भात, मुगाचं पाणीदार वरण, आंबट बंद, अंडी-मासे बंद. माझ्याही तोंडाला चव नव्हती, तक्रार कोण करणार? वजन 52 वरून 45 वर आलं. जखमा होत्या तिथेच.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वजनाच्या दर किलोला 25 कॅलरी, अधिक भाजलेल्या दर टक्क्याला 40. माझे झाले 2,500. "हे सूत्र जुनं आहे, आकडा जरा चढाच येतो," त्या म्हणाल्या, "पण तुमचं ताट बघता चढाच बरा." एवढं भाजलं की पडून असलेलं शरीरही दीडपट, कधी दुपटीच्या जवळपास इंधन जाळतं. कातडी नाही, म्हणून पाणी आणि ऊब उडून जाते, जखमेतून प्रथिनं पाझरतात. बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. माझ्या मांड्या कुठे गेल्या, ते तेव्हा कळलं. जखमा भरल्यावरही ही भट्टी लगेच विझत नाही, कित्येक महिने धुमसत राहते.

प्रथिनं किलोला दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे दिवसाला ऐंशी ते शंभर. अंड्यात सहा. वरणाच्या त्या वाटीत जेमतेम तीन-चार. (किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.)

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बोलल्या काही नाहीत. संध्याकाळी जांभळी नाक्यावरून दोन डझन अंडी आली. चातुर्मासात कांद्यालाही न शिवणाऱ्या बाईंनी ती वेगळ्या पातेल्यात उकडली आणि समोर बसून मला खायला लावली. शिवाय दुधात दूध पावडर, दोन जेवणांच्या मध्ये शेंगदाण्याचा लाडू, आंबटात आवळा. त्या पातेल्याला घरात अजून 'दवाखान्याचं पातेलं' म्हणतात.

पण नुसतं खाऊन स्नायू परत येत नाहीत. हात पोटाशी घेऊन पडलं की फार बरं वाटतं, आणि तसाच तो आखडतो. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बाल्कनीच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली होती, बोटं तिथवर न्यायची. काखेतली नवी कातडी ताणली की डोळ्यांत पाणी यायचं. दर आठवड्याला ती मेली रेघ दोन बोटं वर सरकवायची. त्यात व्रण दाबायचे घट्ट कपडे, दिवसाचे तेवीस तास, आणि बाहेर ठाण्याचा मे महिना. कलम लावलेल्या कातडीला नीट घाम येत नाही, त्यामुळे मी पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन बसायची. खाजेबद्दल तर बोलायलाच नको.

त्या बाईंना हे सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "आणि दही?"

दहीही द्या हो.