सव्वातीन मीटरवरून

सहा फुटांचा एक इंच. एवढंच गणित आहे, पण एकदा डोक्यात बसलं की उतरत नाही. दिसेल त्याला ७२ने भागायची खोड लागते. डोंबिवलीच्या फलाटावर समोर उभा असलेला पावणेसहा फुटी गृहस्थ चोवीस मिलिमीटरचा होतो. बारा डब्यांची लोकल साडेतीन मीटरची, म्हणजे आमच्या हॉलमध्ये तिरकी टाकली तर बसेल. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लोकलचं राहू दे, आधी जेवणाच्या टेबलावरचा तो पसारा बसव कुठेतरी."

पसारा म्हणजे स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. मार्क नऊ, म्हणजे त्याची नववी आवृत्ती. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, माझ्या विमानाचे साडेपंधरा सेंटिमीटरच्या जरासे वर. वितीतसुद्धा जागा उरते.

हे ७२ आलं कुठून, तर इंग्रजांच्या फुटा-इंचातून. माणूस सहा फुटांचा धरला की बाहुली एक इंचाची, हिशेब सोपा. १९३२च्या सुमाराला ‘स्कायबर्ड्स’ नावाने या मापाची लाकडी विमानं निघाली, १९३६मध्ये ‘फ्रॉग’ने ‘पेंग्विन’ नावाखाली ती प्लास्टिकसारख्या पदार्थात आणली. नंतर युद्ध आलं आणि खेळण्याच्या मापाला सरकारी नोकरी लागली. १९४२मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांकडे पाच लाख विमानं मागितली. मुलांनी लाकूड तासून, काळा रंग देऊन बनवायची. आभाळात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना एका दृष्टिक्षेपात कळावं, यासाठी ती हवी होती. हिशेब हाच : बहात्तरपट लहान विमान पस्तीस फुटांवर धरलं की ते अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानासारखं दिसतं. मुलांनी हौसेने केलं असणारच, पण तो गृहपाठ होता. आमच्यासारख्यांची तंद्री लावणारा हा छंद एके काळी लांबून बघायच्या सरावासाठी वापरला गेला, हे मला फार आवडतं, कारण आम्ही नेमकं उलटं करतो. डोळ्याला भिंग लावून वीस सेंटिमीटरवरून बघत बसतो.

स्पिटफायर वीस हजारांहून जास्त बनली, म्हणजे नेमकी कुणाची बनवायची हा प्रश्न येतोच. मॉडेलच्या पेटीत दोन-चार प्रसिद्ध वैमानिकांच्या विमानांची अक्षरं असतात. जगभरातले लोक तीच चिकटवतात. मला दुसरंच हवं होतं. ब्रिटिश हवाई दलात १३२ क्रमांकाची एक स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, होती, तिचं पूर्ण नाव ‘१३२ (सिटी ऑफ बॉम्बे) स्क्वाड्रन’. पहिल्या महायुद्धानंतर १९४१च्या जुलैत स्कॉटलंडमधल्या पीटरहेडला ती पुन्हा उभी राहिली. १९४४च्या उन्हाळ्यात ती फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लढाईत होती, त्याच विंगमध्ये, म्हणजे स्क्वाड्रनच्या गटात, ‘सिटी ऑफ ग्लासगो’ नावाची ६०२ आणि ऑस्ट्रेलियनांची ४५३. पुढे ती सिलोनला आली आणि १९४६मध्ये हाँगकाँगला बरखास्त झाली. मुंबईचं नाव घेऊन एवढी फिरली. तिच्या बोधचिन्हावर मागच्या पायांवर उभा राहिलेला बिबट्या आणि खाली लॅटिनमध्ये इशारा : बिबट्यापासून सावध. बोरिवलीच्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकावर ही पाटी आजही शोभेल.

तर विमान मुंबईचं. बांधायला सुरुवात मात्र नेहमी खुर्चीपासून होते.

स्पिटफायरच्या बहुतेक खुर्च्या धातूच्या नव्हत्या, राळेत भिजवलेल्या कागदी थरांच्या दाबून केलेल्या होत्या. त्यामुळे त्यांचा रंग विटकरी तपकिरी. बाकी आतली भिंत फिकट करडी-हिरवी. विमान वळवायच्या दांड्याच्या टोकाला गोल कडी, तिच्यात बंदुकांचं बटण. डाव्या बाजूला उतरायचं छोटं दार आणि दाराच्या आतल्या अंगाला एक छोटी पहार. वरचं काचेचं झाकण अडकलं, तर तोडून बाहेर पडायला. आज संग्रहालयांत ही पहार बहुधा लालभडक रंगवलेली दिसते. जाणकार म्हणतात की युद्धकाळात ती भिंतीच्याच रंगाची असे, हा लाल रंग नंतरच्या लोकांची हौस आहे. या एका पहारीवरून मॉडेलवाल्यांमध्ये जी भांडणं होतात, ती ऐकली तर भाऊबंदकीच्या दाव्यांना कंटाळलेले वकील इकडे येतील. ७२ने भागल्यावर तिची लांबी भाताच्या शितापेक्षा फार नसते. मी हिरवीच ठेवली.

खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपचे कातरून, बकला चंदेरी रंगाच्या ठिपक्याने, तबकड्यांवर टूथपिकच्या टोकाने वार्निशचा एकेक थेंब, म्हणजे काच असल्यासारखी चकाकी येते. मग विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवून कडेने पातळ गोंद सोडायचा. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून एकजीव करतो. तो सुकला की आतलं सगळं काम अंधारात जातं. दादा त्या दिवशी आला होता. त्याने मोबाईलचा टॉर्च लावून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आता यातलं दिसतं काय?" मी म्हटलं, खुर्चीचा वरचा काठ आणि दार उघडं ठेवलं तर पहार. तो इंजिनीयर आहे, फार बोलला नाही.

खरी गंमत पुढे आहे. आकार ७२ने भागता येतो, बाकीच्या गोष्टी ऐकत नाहीत. पंखाची मागची कड प्लास्टिकमध्ये अर्ध्या मिलिमीटरची आली, तर ती खऱ्या विमानात साडेतीन सेंटिमीटर जाड असल्यासारखी झाली. मग पॉलिश पेपरवर पाणी घालून घासत बसा. पत्र्यांमधली रेघ मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, म्हणजे खऱ्या विमानात दीड सेंटिमीटरची फट! असलं विमान धावपट्टीवरून हललंही नसतं. वजनाचं तर विचारूच नका. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७२ने भागायच्या, म्हणजे वजन पावणेचार लाखांनी भागायचं. सव्वातीन-साडेतीन टनांचं लढाऊ विमान नऊ ग्रॅमवर येतं. माझं प्लास्टिकचं आतून पोकळ असूनही त्याहून जड आहे. रंगाचंही तसंच. विमानाचा खरा करडा रंग जसाच्या तसा दिला तर मॉडेल काळवंडलेलं वाटतं, कारण लांबचं विमान बघताना मध्ये हवा असते आणि ती रंग फिका करते. म्हणून अनुभवी माणसं प्रत्येक रंगात थोडा पांढरा टाकतात. हा पांढरा म्हणजे मधली हवा. डबीत हवा मिसळायची ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याला माझा नमस्कार.

पावसाळ्यात रंगकाम करू नये, हे सगळे सांगतात आणि सुट्ट्या नेमक्या पावसाळ्यात मिळतात. हवेत दमटपणा असला की लॅकरवर पांढुरकी साय धरते. मी बेडरूममध्ये एसी लावून, दार बंद करून स्प्रे मारतो, थिनरचा वास फटीतून बाहेर जातोच, आणि आई बाहेरून विचारते, "नखं रंगवतोयस का रे?"

वरून समुद्री करडा आणि गडद हिरवा, खालून फिका करडा. पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी रेघ. इथपर्यंत सरळ. पण १९४४ म्हटलं की काळे-पांढरे पट्टे आले. आदल्या वर्षी, जुलै १९४३मध्ये, सिसिलीला दोस्त राष्ट्रांच्याच तोफांनी दोस्तांचीच छत्रीधारी सैनिकांनी भरलेली वाहतुकीची विमानं रात्री पाडली होती. नॉर्मंडीला तसं होऊ नये म्हणून ठरलं, की बहुतेक विमानांच्या पंखांवर आणि शेपटीकडे पाच पट्टे : तीन पांढरे, दोन काळे. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून हुकूम अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत निघाला. हजारो विमानं आणि हाताशी मिळेल तो ब्रश. काही तळांवर तर झाडूसुद्धा वापरले. फोटोंत बघा, कित्येक पट्टे नागमोडी आहेत, कुठे रंग ओघळलाय, कुठे क्रमांकाच्या अक्षरांभोवती कसाबसा चौकोन सोडलाय.

एका इंजिनाच्या विमानासाठी प्रत्येक पट्टा अठरा इंच रुंद. ७२ने भागा : बरोबर पाव इंच. इतका नेटका भागाकार आयुष्यात क्वचित लाभतो. मॉडेलवाले पाव इंची टेप लावून असे काही पट्टे मारतात की छपाई वाटावी. मी बराच विचार केला आणि टेप ठेवून दिली. शून्य नंबरचा ब्रश घेतला, पांढऱ्यात किंचित पिवळट घातला आणि हाताने ओढले. कडा जिथे डगमगल्या, तिथे डगमगू दिल्या. घरी आलेला प्रत्येक जण प्रेमाने सांगतो, "बाकी झकास झालंय, पट्टे तेवढे वाकडे आलेत." एकेकाला सिसिलीपासून सांगायला लागतं. आता मी फक्त "हो" म्हणतो.

पट्ट्यांवर चकचकीत वार्निश, त्यावर अक्षरं. पाण्यात सोडलेला कागद अर्ध्या मिनिटात सैल होतो आणि अक्षर बोटाने सरकतं. खरखरीत रंगावर ते ठेवलं तर खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात, म्हणून आधी चकाकी द्यायची आणि सगळं झाल्यावर वरून पुन्हा मॅट. आधी गुळगुळीत, मग खडबडीत. १३२ची अक्षरं एफ-एफ. ती पेटीत नव्हती, वेगवेगळ्या जुन्या पेट्यांतून उरलेली जुळवली. डाव्या पंखाखालची हवेचा वेग मोजायची नळी नेहमी मोडते, ती आईच्या इन्सुलिनच्या पेनच्या वापरलेल्या सुईची केली. घरातलं एवढं एकच साहित्य मला मागावं लागत नाही, ती स्वतःहून डबीत जमवून ठेवते.

शेवटी मळवणं. नव्या कोऱ्या विमानाला धुरांड्यांमागे काजळी लावायची, पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक पाय देऊन चढत तिथे, रंग उडवून पत्रा दाखवायचा, पोटाखाली तेल. यात हात थांबत नाही हा मोठा धोका. पण मी अडलो वेगळ्याच जागी.

पंखांच्या पुढच्या कडेला मशीनगनची भोकं असतात. धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून उड्डाणापूर्वी त्यांच्यावर कापडाचे छोटे लाल तुकडे चिकटवत. बंदूक चालली की पहिल्याच गोळीने ते फाटत. म्हणजे उतरणाऱ्या विमानाकडे जमिनीवरचे लोक आधी तिथे बघत : लाल शाबूत असेल तर आज काही झालं नाही, फाटलं असेल तर झालं. मॉडेलमध्ये फाटलेले तुकडे आणि मागे ओढलेली काळी रेघ हे फार देखणं दिसतं. जवळपास सगळे तसंच करतात. काजळीची पूड ब्रशवर घेतलेली होती. त्या रेघेचा अर्थ असा, की कुणावर तरी नुकतीच गोळी झाडली आहे. हे एवढं उघड आहे की कुणी बोलत नाही. आम्ही पहारीच्या रंगावर रात्र घालवतो. मी ब्रश पुसून ठेवला. लाल ठिपके शाबूत आहेत.

वैमानिकही बसवला नाही. तो बसवला की खुर्ची, पट्टे, सगळंच झाकलं जातं, आणि चाकं खाली, दार उघडं असलेल्या विमानात तो कशाला बसेल, हे आपलं आमचं शास्त्र. शेजारचा मुलगा बघायला आला की काही न बघता आधी विचारतो, "काका, चालवणारा कुठंय?" चालवणारा पेटीत आहे, त्याचा चेहरासुद्धा रंगवून झालाय. मुलाला दाखवला. त्याने तळहातावर घेतला, म्हणाला, याला आत बसायला लाज वाटते का?

विमान आता शोकेसमध्ये आहे, काचेमागे. मी परवा उगाच टेप घेऊन सोफ्यापासून शोकेसपर्यंतचं अंतर मोजलं. तीन मीटर सतरा सेंटिमीटर. खोडीप्रमाणे ७२ने गुणलं. दोनशे अठ्ठावीस मीटर. यार्डात केलं, तर जवळजवळ नेमके २५०. आणि हा आकडा स्पिटफायरवाल्यांना पाठ असतो. १९४०मध्ये ब्रिटनच्या आभाळात झालेल्या लढाईत अनुभवी वैमानिकांनी ठरवलं होतं, की पंखांतल्या सगळ्या बंदुकांच्या गोळ्या एका बिंदूत मिळाव्यात, तो बिंदू ४०० यार्डांवर नको, २५०वर हवा. आपल्याकडे येणारे पाहुणे सोफ्यावर चहा पीत जेवढ्या अंतरावरून माझं विमान बघतात, तेवढ्या अंतरावरून एकाने दुसऱ्याचं पाहिलेलं असायचं. मी सोफ्यावर बसून नीट बघितलं. लंबगोल पंख दिसतात, पट्टे दिसतात, अक्षरं ओळखू येतात. लाल ठिपके माहीत आहेत म्हणून दिसतात. पहार नाही, खुर्ची नाही. माणूस आत आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

आईच्या डोक्यात मात्र उन्हाळ्यापूर्वी सोफा खिडकीशी न्यायचं आहे, वारं लागतं म्हणून. नेला तर अंतर चार मीटर होतं, म्हणजे तीनशे यार्डांच्या वर. मी तिला सांगून पाहिलं की तिथून विमान कुणाला धड दिसणारच नाही, आत्याला तर मुळीच नाही.

"मग उठून जवळ जाईल की," आई म्हणाली. "पाय काय मोडलेत तिचे? धर तिकडून."