कॅज्युअल्टीच्या दारात गाडी लागण्याआधी

अपघाताचा पेशंट अँब्युलन्समधून नेताना सगळ्यांचं लक्ष गाडीच्या वेगावर असतं. माझ्या मते त्याहून जास्त वेळ चुकीच्या दारात जाऊन परत फिरण्यात जातो. डोक्याला मार लागलेला माणूस जवळच्या छोट्या दवाखान्यात उतरवला, तिथे सीटी स्कॅन नाही, न्यूरोसर्जन नाही. पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा गाडी. म्हणून निघतानाच फोनवर विचारून घ्या: सीटी चालू आहे का, व्हेंटिलेटरचा बेड रिकामा आहे का? श्वासच अडकला असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर मात्र जे जवळ आहे तिथेच न्या.

नाशिकचंच उदाहरण घ्या. चांदवड-पिंपळगावकडून येताना आडगावचं मेडिकल कॉलेज शहराच्या अलीकडेच लागतं. सिन्नरकडून येत असाल तर द्वारका चौकातली गर्दी हिशेबात धरा. उड्डाणपुलावर चढण्याआधी कुठे उतरायचं ते ड्रायव्हरशी पक्कं करा, कारण उतार चुकला की मागे वळता येत नाही.

जागेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आधी रक्त थांबवा. जखमेवर थेट, जोर लावून दाब द्या. हातापायाचं रक्त तेवढ्याने थांबत नसेल तर जखमेपासून चार बोटं वर, धडाच्या बाजूला, टूर्निकेट (रक्त अडवणारा घट्ट पट्टा) बांधा, सांध्यावर कधीच नाही, आणि बांधल्याची वेळ तिथेच पेनने लिहा. सैल टूर्निकेट घातक: शिरा दाबल्या जातात, धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव वाढतो. सलाईनची सुई चालत्या गाडीत लावता येते, तिच्यासाठी गाडी रोखून धरू नका. बाटल्यांवर बाटल्याही नकोत. रक्त पातळ होतं आणि धरलेली गुठळी सुटते. ओले कपडे काढून पेशंटला ब्लँकेटमध्ये गुंडाळा, अंग गार पडलं की रक्त गोठत नाही.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्याआधी करा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो. मिनिटाला 10 लिटर दिला तर अडीच तास, 15 लिटर दिला तर 100 मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धी. रिझर्व्हॉयर मास्कची (ऑक्सिजन साठवणारी पिशवी लावलेला मास्क) पिशवी श्वास घेताना पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय.

मग कॅज्युअल्टीला, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाला, फोन. एवढंच बोला: "पुरुष, अंदाजे तीस, बाइकवरून पडलाय, हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार, उजवी मांडी मोडलीय. हाक मारली की डोळे उघडतो. नाडी 120, बीपी 90. ऑक्सिजन चालू आहे. बारा मिनिटांत पोचतोय." एवढ्यावर ते ट्रॉली, सक्शन (घशातलं रक्त-लाळ ओढायचं यंत्र), रक्ताची सोय तयार ठेवू शकतात. नुसतं "सीरियस आहे" म्हटलं तर कुणालाच काही करता येत नाही.

ट्रॉलीवर घेताना सर्वाधिक घोळ होतो. ऑक्सिजनची नळी गाडीतच अडकते, सलाईन ओढली जाते. उचलण्याआधी एकाने मोठ्याने मोजावं आणि नळ्या मोकळ्या आहेत का ते बघावं. मग तीच माहिती डॉक्टरांना तोंडी सांगा, कागद नंतर.

एमएलसीचे (पोलिसांना कळवायच्या केसचे) कागद झाल्याशिवाय उपचार नाहीत, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की आधी जीव वाचवायचा. पेशंटला घेऊन आलेल्या वाटसरूलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चं संरक्षण आहे. त्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.