सामूहिक वनहक्काचा दावा आणि दीडशे वर्षांपूर्वीचे दप्तर : माझा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील एका गावाच्या ग्रामसभेने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंपत्तीचा दावा करण्याचा ठराव घेतला, तेव्हा जुने दप्तर शोधण्याची जबाबदारी वनहक्क समितीने माझ्यावर सोपवली. गावात गोंडांसोबत मासेमारी करणाऱ्या ढिवरांचीही घरे आहेत. अनुसूचित जमातींच्या बाबतीत १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचे वास्तव्य आणि उपजीविकेसाठी वनावरील अवलंबन दाखवणे पुरेसे असते. ढिवरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जावे लागते. त्यामुळे आमचा शोध १९३० च्या अलीकडे थांबून चालणार नव्हता, आणि तेवढा जुना कागद गावात कोणाच्याही घरी नव्हता.

या कायद्याच्या २००८ च्या नियमांतील तेरावा नियम मी प्रथम समितीपुढे वाचला. गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे (म्हणजे जमीन मोजून महसूल ठरवण्याचे) अहवाल, नकाशे आणि वनविभागाच्या कार्ययोजना यांना तो पुरावा मानतो. त्याचप्रमाणे निस्तार (सरपण, लाकूड, चराई अशा घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), चराईची जागा, देवराई, स्मशानभूमी, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब यांनाही मानतो. दावा तपासताना यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही त्यात म्हटले आहे. जबाब आणि गावशिवाराची पाहणी समितीने स्वतःकडे ठेवली, आणि मी संगणकापुढे बसलो.

माझा बहुतेक शोध तीन ठिकाणी झाला. इंटरनेट आर्काइव्हवर भारतीय ग्रंथालयांतून स्कॅन केलेली असंख्य जुनी सरकारी प्रकाशने विनामूल्य वाचता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नोंदणी केली की केंद्रीय खात्यांच्या फायलींची सूची आणि त्यांतील अनेक फायलींची पाने पाहता येतात. आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयात इम्पीरियल गॅझेटिअर आहे. चांदा जिल्ह्याचा मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ चा बंदोबस्त अहवाल, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले १८७० चे मध्य प्रांताचे गॅझेटिअर आणि १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटिअर हे आमच्या कामाचे मुख्य ग्रंथ ठरले. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, तोपर्यंत हा मुलूख चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात होता, हे लक्षात ठेवूनच शोध घ्यावा लागतो.

नावांचा प्रश्न सर्वांत जास्त वेळ घेतो. इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये गडचिरोलीचे ‘गढचिरोली’ आणि अहेरीचे ‘अहिरी’ झालेले आढळते. त्यात स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरे यंत्राने चुकीची ओळखली, तर शोधचौकटीत नाव टाकून काहीच हाती लागत नाही. म्हणून मी गावाचे नाव शोधणे सोडून दिले आणि परगणा, नदी, जमीनदारी व तलाव यांच्या आधाराने पानामागून पान वाचत गेलो. ही पद्धत संथ आहे, पण माझ्या मते या कामाला दुसरी विश्वासार्ह पद्धत नाही, कारण उपयोगाचा मजकूर बहुधा गावाच्या नावाखाली नसून वनउपज, जमीनधारा किंवा पाणीपुरवठा अशा प्रकरणांत विखुरलेला असतो.

हे ग्रंथ गावाच्या बाजूने लिहिलेले नाहीत. महसूल किती बसवता येईल आणि कोणते जंगल सरकारला राखता येईल हे ठरवण्यासाठी ते लिहिले गेले, आणि आदिवासींविषयीची त्यांची भाषा अनेक ठिकाणी अपमानकारक आहे. तरीही एखाद्या वहिवाटीवर बंधन घालायचे तर ती वहिवाट आहे हे आधी लिहावे लागते, आणि नेमके तेच लिहिणे आज ग्रामसभेच्या उपयोगाचे आहे. निवडलेली पाने मी ग्रामसभेत मराठीत सांगितली आणि काही भाग समितीच्या सचिवांनी गोंडीत समजावला. मोह, लाख, बांबू आणि कोसा यांचे उल्लेख आले तसे वडीलधाऱ्यांनी कोणत्या पहाडीवरून काय आणले जाई हे सांगायला सुरुवात केली. तलावांचा मजकूर वाचल्यावर ढिवर मंडळींनी माजी मालगुजारी तलावातील, म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या (गावचा महसूल भरणाऱ्या जमीनमालकाच्या) ताब्यात असलेल्या तलावातील, मासेमारीची आपली वहिवाट पिढीवार मांडली. हे सर्व जबाब त्याच बैठकीत लिहून घेतले गेले. अपमानकारक मजकूर असलेली पाने जोडायची की नाही हा निर्णयही ग्रामसभेनेच घेतला : पान पूर्ण जोडावे, आणि त्या भाषेविषयीचा आपला आक्षेप ठरावात नोंदवावा.

कायद्याचा इतिहासही जोडणे आवश्यक वाटले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल जाहीर करण्यापूर्वी हक्कांची चौकशी सांगितली, पण मुदतीत न मांडलेले आणि चौकशीतही न कळलेले हक्क संपुष्टात आणले. लिहिता न येणाऱ्या माणसांना मुदतीत दावा मांडायला सांगणे म्हणजे त्यांचा हक्क काढून घेणेच होते, असे मी टिपणात स्पष्ट लिहिले. पुढे मध्य प्रांतातील मालगुजारी १९५१ मध्ये संपली, मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली आणि गावकऱ्यांचे सरपण, चराई, लाकूड हे निस्तार पत्रकात नोंदवले गेले. २००६ च्या कायद्यात निस्तार आणि जमीनदारीच्या काळातील वापर यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे हा धागा तुटू देणे परवडणारे नव्हते.

छापील अहवालांचा खरा लाभ मात्र त्यांच्या परिशिष्टांतून झाला. बंदोबस्ताच्या वेळी गावनिहाय कोणते कागद तयार झाले हे त्यांतून समजते. याआधी समितीने अभिलेख कक्षात ‘गावाचे जुने कागद’ अशी मागणी केली होती आणि काही मिळाले नव्हते. आता अर्जात बंदोबस्ताचे वर्ष, परगणा, मौजा यांसह बंदोबस्त मिसल (बंदोबस्ताच्या वेळची गावाची नोंदवही), वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद) आणि निस्तार पत्रक अशी नावे घालून नकला मागितल्या. मिसल आणि निस्तार पत्रक मिळाले, वाजिब-उल-अर्ज मिळाला नाही. मिसलीत आजच्या ढिवर कुटुंबांच्या पूर्वजांची नावे निघाली, आणि वंशावळीशी ती जुळवण्याचे काम गावातील दोन शिक्षित मुलींनी फार काळजीपूर्वक केले.

उपविभागीय समितीने छापील पाने कोठून आली हे विचारले. प्रत्येक उताऱ्यासोबत त्या ग्रंथाचे मुखपृष्ठ, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक आधीच जोडलेला असल्यामुळे तो प्रश्न त्याच सुनावणीत मिटला. इंग्रजी उताऱ्यांचे मराठी भाषांतर समोर ठेवल्याचाही उपयोग झाला. दावा आता शिफारशीसह जिल्हास्तरीय समितीकडे गेला आहे. परगण्याविषयीची पाने शेजारच्या गावांनाही लागू पडत असल्याने त्यांच्या प्रती आम्ही लगतच्या ग्रामसभांना दिल्या आहेत, आणि मिसलीच्या नकलांसाठी त्यांचे अर्ज तयार करण्याचे काम सध्या चालू आहे.